वाटेतली माणसं

मेलेक्कावच्या बस स्टँडवर वेलायुधन कुठे भेटेल, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. त्रिशूरच्या गाड्या लागतात तिथला जाडजूड खांब, खांबाला टेकलेली पाठ, गळ्यात अडकवलेली फळी, फळीवर चापांनी धरून ठेवलेल्या लॉटरीच्या तिकिटांच्या रांगा, आणि तोंडाने अखंड जप: "आजची सोडत, आजच! नशीब दारात उभंय, आत घ्यायचं का हाकलायचं ते तुम्ही ठरवा!" देवीच्या साथीत लहानपणीच त्याचे दोन्ही डोळे गेले होते. त्यावर त्याचं रडून झालं होतं तेही लहानपणीच. आता पन्नाशी उलटल्यावर त्याला कुणी "बिचारा" म्हटलं, तर तो त्या माणसाला तिकीट विकल्याशिवाय सोडत नसे.

ती जागा त्याने उगीच धरली नव्हती. त्या खांबापाशी उभं राहिलं की अख्खा स्टँड कानात येतो. पालक्काडची गाडी वळताना कशी खोकते, पट्टांबीच्या गाडीचा क्लीनर दारावर थाप कशी मारतो, ओट्टप्पालमच्या गाडीचा हॉर्न कसा रडतो, सगळं त्याला पाठ. त्यामुळे डोळस माणसंही एट्टा, म्हणजे दादा, म्हणत त्यालाच विचारायची, "वेलायुधेट्टा, पट्टांबी गेली का हो?" तो सांगायचा, "आत्ता पेट्रोलपंपाशी असेल, थांबा." फुकट विचारलं याची माणसाला जरा लाज वाटते. त्या लाजेपोटी दहातले चार तरी एक तिकीट घेऊन जात. वेलायुधनचा संसार या लाजेवर चालला होता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, बायकांच्या विश्रांतीखोलीच्या दाराशी नबीसाची तीनचाकी सायकल उभी असायची, हातांनी पॅडल फिरवायची. पोलिओने पाय गेलेल्या नबीसाने ते सगळं बळ जिभेत आणलं होतं. ती वेलायुधनपेक्षा चार वर्षांनी मोठी. तो तिला नबीसात्ता म्हणायचा, इत्ता म्हणजे ताई, आणि तिला घाबरायचा. तीही लॉटरीच विकायची. गिऱ्हाईक दोघांच्या मधोमध घुटमळलं की तिचा आवाज चढे, "त्याच्याकडचं नको घेऊ बाबा, त्याला स्वतःला कुठे दिसलंय कधी नशीब!" आणि हा इकडून ओरडे, "तिच्याकडचं घे, ते पळून तरी जाणार नाही!" लोक हसत आणि दोघांकडूनही घेत.

असं चाललेलं असताना नगरपालिकेला नवा स्टँड बांधायची बुद्धी झाली. बुद्धी झाली म्हणजे वरून पैसे आले. पैशांबरोबर एक अटही आली, की आराखडा काढण्याआधी स्टँड वापरणाऱ्या अपंग प्रवाशांना विचारा, त्यांना सोबत घ्या, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बांधा. अट चांगलीच होती. अडचण एवढीच, की मेलेक्कावच्या स्टँडवर अपंग प्रवासी नव्हते. कुठून असणार? खड्डे, चिखल, छातीएवढ्या उंच पायऱ्यांच्या गाड्या आणि पाय टेकायच्या आत घंटा मारणारे क्लीनर. धडधाकट माणूस जिथे जीव मुठीत धरून चढतो, तिथे पांगळा कशाला येईल मरायला? त्या स्टँडवर अपंग म्हणाल तर होते फक्त लॉटरी विकणारे.

नगरपालिकेने अपंग संघटनेच्या दिवाकरन माशांना सांगितलं, सभेला दहा प्रवासी पाठवा. माश म्हणजे निवृत्त मास्तर. एक पाय आखूड, शब्द मात्र लांबलचक. त्यांनी लॉटरीवाल्यांनाच गोळा केलं आणि सभेच्या आदल्या दिवशी बजावलं, "पांढरी मुंडू नेसायची, वर इस्त्रीचा शर्ट. फळ्या घरी ठेवायच्या. तिथे लॉटरीचं नाव काढायचं नाही. तिथे आपण प्रवासी. या शब्दाला मान आहे. लॉटरीवाला म्हटलं की ते हातावर पैसे ठेवतील आणि चहा पाजून घरी पाठवतील."

"पण माश, मी शेवटची बसमध्ये चढले तेव्हा बाप मला खांद्यावर घेऊन चढला होता," नबीसा म्हणाली. "तो जाऊन वीस वर्षं झाली. मी कसली प्रवासी?"

"उद्यापुरती हो," माश म्हणाले.

वेलायुधनला माशांचं पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. जन्मभर त्याला लोकांनी विचारलं होतं ते गाड्यांबद्दल, उद्याच्या नंबराबद्दल. तुला काय हवं, असं कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री त्याच्या बायकोने, पंकजाक्षीने, त्याचा शर्ट कांजी घालून असा कडक केला की सकाळी तो अंगात चढताना कुरकुरला.

सभा घ्यायला आल्या होत्या आराखडा काढणाऱ्या रेंजिनी मॅडम. वय फार नसावं, आवाज स्वच्छ, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय. सरकारी माणसांत ही सवय वेलायुधनने कधी ऐकली नव्हती, आणि तो तिथेच विरघळला.

"वेलायुधेट्टा, तुम्ही बसने किती वेळा प्रवास करता?"

"रोज," वेलायुधन म्हणाला.

त्याचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. नबीसाच्या सायकलीची साखळी कुठेतरी खुसकन वाजली.

मग तो जो सुटला, तो सुटलाच. भोंगा हवा, कुठली गाडी कुठे लागली ते सांगणारा. गेटापासून प्रत्येक फलाटापर्यंत पायाला कळतील अशा उंचवट्यांच्या लाद्या हव्यात. फलाट गाडीच्या दाराला भिडेल एवढा उंच हवा. मॅडम मधूनमधून "वा" म्हणत होत्या आणि त्या प्रत्येक "वा"सरशी त्याची पाठ ताठ होत होती. तो बोलत होता ते सगळं खरंच होतं. फक्त ते त्याचं स्वतःचं नव्हतं. स्टँडवर उभ्या उभ्या ऐकलेली दुनियेची गाऱ्हाणी तो आपली म्हणून सांगत होता.

शेवटी मॅडमनी विचारलं, "आणखी कुणाला काही?"

"मला बोलायचंय," नबीसा म्हणाली. "आम्ही जे तिथे दिवसभर असतो ना, विकायला..."

माश खोकले. पण नबीसा खोकल्याला भिणारी नव्हती. तिला थांबवलं ते वेलायुधनने. "नबीसात्ता, तू गप्प बस. मॅडमना सगळं कळलंय," तो म्हणाला आणि मॅडमकडे वळून हसला. "वय झालंय हो, विषयाला सोडून बोलते."

नबीसा गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या सांगण्यावरून गप्प बसली. त्याला तेव्हा वाटलं, आपला शब्द किती वजनदार झाला!

पुढच्या रविवारी मॅडम स्टँडवर आल्या आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. "तुम्ही चालता तसं मला चालवा," असं म्हणून त्यांनी वेलायुधनचं कोपर धरलं. एवढी शिकलेली बाई त्याच्या भरवशावर आंधळी झाली होती. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "वेलायुधा, आज फळी कुठे रे?"

"कसली फळी?" मॅडमनी विचारलं.

"चेष्टा करतोय तो. तुम्ही चला."

दहा पावलांवर मॅडमची नडगी रावुण्णीच्या डब्यावर आदळली. हा रावुण्णी शेंगदाणेवाला रोज आपला पत्र्याचा डबा खांबाकडे वीतभर सरकवायचा, आणि रोज वेलायुधनच्या नडगीला त्याची आठवण मिळायची. दोघांचं त्यावरून जुनं वैर होतं. मॅडमनी पाय चोळत विचारलं, "सगळ्यात मोठी अडचण कोणती, वेलायुधेट्टा? एकच सांगा."

वेलायुधनला रावुण्णीचा श्वास ऐकू येत होता. अशी संधी माणसाला पुन्हा पुन्हा मिळत नाही.

"वाटेत मांडून बसलेली माणसं," तो मोठ्याने म्हणाला. "मॅडम, वाट म्हणजे वाट. तिथे कुणी म्हणजे कुणी नको. शेंगदाणेवाला नको, छत्रीवाला नको, कसलाच विकणारा नको. एकदा साफ करा, मग आंधळा काय, आंधळ्याचा बापसुद्धा सुखाने चालेल."

मॅडमनी ते फोनमध्ये त्याच्या आवाजातच टिपून घेतलं. मग तो त्यांना आपल्या खांबापाशी घेऊन गेला. "इथे उभ्या राहा. ऐका. सगळा स्टँड इथे ऐकू येतो. आंधळ्या माणसाने आधी इथे यावं आणि मग कुठे जायचं ते ठरवावं." मॅडम पट्टी न सोडता बराच वेळ उभ्या राहिल्या. पालक्काडची गाडी खोकत आली, पट्टांबीच्या दारावर थाप पडली. "खरंच की," त्या हळूच म्हणाल्या, आणि वेलायुधनला देवळात नैवेद्य दाखवल्यासारखं वाटलं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. पण दांड्यालाही त्या वेळी बरंच वाटत असणार. कुणीतरी घट्ट हातात धरलंय, आपल्यामुळे काम होतंय.

स्टँड पाडला तेव्हा गाड्या गावाबाहेरच्या मैदानात हलवल्या. तिथे ना खांब, ना सावली. वेलायुधनचा आवाज वाऱ्यावर जायचा. नबीसाची सायकल मातीत रुतायची. सावकाराचा दरवाजा दोघांनीही ठोठावला. पंकजाक्षीने कुरकुर केली की तो म्हणायचा, "थोडं थांब. नवा स्टँड माझ्या सांगण्याप्रमाणे होतोय. मॅडमनी मला लाकडाचा नमुना बोटांनी दाखवलाय. माझा खांब जिथल्या तिथे आहे. सगळ्या वाटा माझ्या खांबापाशी येऊन मिळतात!"

ते मात्र अगदी खरं होतं.

उद्घाटनाला मंत्री आले, चेंडा वाजला, आणि पिवळ्या लाद्यांवरून पहिलं चालायचा मान वेलायुधनला मिळाला. अनवाणी चालला तो. तळव्याला प्रत्येक उंचवटा कळत होता. कुठे अडलं नाही, कुठे ठेच नाही. खांबापाशी पोचला तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडला, आणि त्याला खरंच रडू आलं. एवढी सरळ वाट त्याच्या पायांना जन्मात मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळी घेऊन आला, खांबाला पाठ टेकली आणि घसा साफ केला.

"चेट्टा, इथे विकायचं नाही," कुणीतरी म्हणालं. आवाज कुंजुमोनचा होता. फौजेतून निवृत्त झालेला, आता स्टँडचा पहारेकरी. जुनं गिऱ्हाईक.

"अरे कुंजुमोन, मी वेलायुधन."

"दिसतंय मला. काल तुमच्या हाराची फुलं मीच झाडली. पण हुकूम आहे. पिवळ्या वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला एकही विकणारा नको. सगळ्या वाटा या खांबाशी मिळतात ना, म्हणून इथे तर अजिबात नको."

"कुणाचा हुकूम?"

कुंजुमोन जरा घोटाळला. "अपंग प्रवाशांनीच मागणी केलीय म्हणतात."

तेवढ्यात डोक्यावर भोंगा बोलला. बाईचा गोड, ध्वनिमुद्रित आवाज. पट्टांबीला जाणारी गाडी फलाट चारवर येत आहे. पाठोपाठ तोच आवाज, तितक्याच गोडीने: दृष्टिहीन प्रवाशांच्या सोयीसाठी पिवळी वाट मोकळी ठेवा. वेलायुधनने कान लावला. एकही माणूस त्याला गाडी विचारायला थांबला नाही. कशाला थांबेल?

बायकांच्या खोलीच्या दाराशी आता चाकाच्या खुर्च्यांसाठी राखीव चौकोन होता, स्टीलच्या दांड्या लावलेला. नबीसाने सायकल तिथेच नेऊन लावली. "चाकं आहेत की मला," ती कुंजुमोनला म्हणाली. "बसमध्ये चढणार असाल तर थांबा, इत्ता," तो म्हणाला. तिने फळी काढल्याबरोबर त्याने सायकलीला मागून हात लावला आणि नवाकोरा उतार होता त्यावरून तिला हळूच, अगदी अलगद, गेटाबाहेर नेऊन सोडलं. उतार फार छान झाला होता. जराही धक्का बसला नाही.

वेलायुधन ऐकणाऱ्यातला नव्हता. तो चार दिवस बाहेर गटाराशेजारी उभा राहिला आणि पाचव्या दिवशी कुंजुमोन चहाला गेल्याची वेळ साधून पुन्हा आत शिरला. तोंडातून शब्द न काढता खांबाला टेकून उभा राहिला, फळी पुढे करून. एखादा जुना ओळखीचा घेईल, एवढीच आशा. आणि त्याच्या नडगीवर फाडकन काठी बसली.

"कोण उभं आहे वाटेत?" मुलीचा आवाज. कोवळा, पण चिडलेला. "ही लाईन कशासाठी आहे, दिसत नाही का?"

"नाही मोळे," वेलायुधन म्हणाला. "दिसत नाही, पोरी."

काठीचं टोक त्याच्या पावलांवरून, मग फळीच्या कडेवरून फिरलं. "माफ करा, अंकल," ती म्हणाली. "मी त्रिशूरला कॉलेजात जाते. आधी दादा रोज सोडायला यायचा. हा स्टँड झाल्यापासून एकटी जाते. आठवडाच झालाय." मग तक्रार नव्हे, खरंच न कळून ती म्हणाली, "पण तुम्हाला तर कळायला हवं ना? आपणच वाटेत उभे राहिलो तर कसं?"

वेलायुधन बाजूला झाला. काठी टकटकत पुढे गेली आणि त्रिशूरच्या गाडीत चढली, कुणाच्याही हाताशिवाय. त्या मुलीचा त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्यामुळे सगळं जास्तच असह्य झालं. मग तो आपल्या पायांनी गेटाबाहेर गेला.

त्याने मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखं, शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "वेलायुधेट्टा, पण तुम्ही तर रोज प्रवास करता म्हणाला होतात."

"हो."

"आणि वाटेत कुणीच विकणारा नको, हेही तुम्हीच. मी तुमचा आवाज वरच्या सभेत सगळ्यांना ऐकवला होता."

"हो मोळे."

"मला सांगायचं होतं हो! खांबामागे वीत-दीड वीत जागा आत घेतली असती. नबीसात्तांसाठी कोपरा काढला असता. एक रेघ ओढायची होती फक्त. आता सिमेंट पडलंय." त्या नगरपालिकेशी बोलल्या, तेही खरं. नगरपालिकेने सांगितलं की आत गाळे आहेत, त्यांचा लिलाव झालाय. लॉटरीचा गाळा शहरातल्या एका बड्या एजंटाने घेतला होता. तिथे पंख्याखाली एक डोळस, धडधाकट मुलगी बसायची. तिच्या गाळ्यासमोरून पिवळी वाट जात नव्हती.

माशांकडे गेला तर ते म्हणाले, "वेलायुधा, मी संघटनेचा माणूस. आपण मागितलं ते मिळालं. आता मिळालेल्यावरच तक्रार केली तर पुढच्या वेळी आपल्याला कोण विचारेल?"

"आत्ता विचारलं ते पुरलंय मला," वेलायुधन म्हणाला.

"तसं म्हणू नकोस. पुरस्कार आलाय आपल्या स्टँडला. जिल्ह्याच्या गावी समारंभ आहे. अपंगांना सोबत घेऊन बांधलेला स्टँड म्हणून. पुरस्कार घ्यायला तू यायचंस. दोन शब्द बोलायचेस."

वेलायुधन नाही म्हणणार होता. "दोन शब्द" ऐकल्यावर थांबला.

नबीसाला त्याने गेटाबाहेर सांगितलं. गटाराच्या वासात, डोक्यावर छत्री बांधून ती बसली होती. सभेनंतर त्यांच्यात पूर्वीची थट्टा उरली नव्हती. गिऱ्हाईकच नसल्यावर थट्टा कुणाच्या जिवावर करायची?

"जाणार आहेस?" तिने विचारलं.

"जाणार. आणि सांगणार. मी प्रवासी नाही, मी विकणारा आहे. आमची जागा गेली, ती द्या. त्या दिवशी तुला बोलू दिलं नाही, ते सगळं बोलणार. तुझं नाव घेऊन."

"माझं नाव राहू दे. जागेचं बोल."

"बोलतो. शपथ."

समारंभाला जाताना त्याने शर्टाला कांजी घालू दिली नाही. फळी पिशवीत घेतली. आजची सगळी तिकिटं तिच्यावर लावून. दाराशी माशांच्या हाताला पिशवी लागली. "हे काय? बाहेर ठेव."

"फळी बाहेर, तर मीही बाहेर," वेलायुधन म्हणाला. माशांनी दात-ओठ खाल्ले, पण नाव पुकारलं जात होतं.

सभागृह मोठं असावं, टाळ्या लांबून येत होत्या. कुणीतरी हाताला धरून त्याला माईकपाशी नेलं. त्याने पिशवीतून फळी काढली आणि सगळ्यांसमोर गळ्यात घातली. खाली कुजबुज झाली, मग शांतता. एवढी शांतता त्याला कधी कुणी दिली नव्हती. त्याचा आवाज मुरलेल्या फेरीवाल्याचा होता. तो डगमगला नाही.

"नमस्कार. मी प्रवासी म्हणून सांगितलं, ते खोटं. मी प्रवासी नाही. मी लॉटरी विकतो. चाळीस वर्षं त्याच स्टँडवर, त्याच खांबाशी उभा राहून..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबला. पुढचं वाक्य तयार होतं, "तिथून आम्हाला हाकललं." पण टाळ्या थांबेनात. मग शेजारून प्रमुख पाहुण्या बाईंचा आवाज आला, गहिवरलेला. "शाबास! याला म्हणतात स्वाभिमान! भीक नाही मागितली, कष्ट केले! वेलायुधन, आजचं पहिलं तिकीट मला द्या."

आणि त्यांनी नोट पुढे केली. कोरी नोट त्याच्या बोटांना लागली, आणि बोटांनी ती ओळखली, दुमडली, खिशात टाकली आणि तिकीट सोडवलं. बोटांना कुणी विचारलं नव्हतं. मागून दुसरा आला, तिसरा आला. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बूट वाजू लागले. "मला दोन." "मला पाच, ठेवा बाकीचे." "शेवटचा आकडा सात असलेलं आहे का हो?" त्याला म्हणायचं होतं, थांबा, माझं बोलणं संपलं नाही. पण महिनोन् महिने गटाराशी उभ्या राहिलेल्या माणसापुढे अशी रांग लागली होती. त्याचं तोंड उघडलं, आणि माईकवरून अख्ख्या सभागृहात घुमलं: "आजची सोडत, आजच! नशीब दारात उभंय...!"

लोक खदखदून हसले, खूश झाले, आणि पुन्हा टाळ्या.

शेवटचं तिकीट गेलं तेव्हा त्याने हात पुढे करून माईक चाचपला. "एक राहिलं," तो म्हणाला, पण माईकची दांडी तिथे नव्हती. कुणीतरी आभार मानत होतं, दुसऱ्या टोकाला. मग सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या आणि राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नसतं. वेलायुधन ताठ उभा राहिला, रिकामी फळी गळ्यात घालून.

माशांनी गाडीत त्याची पाठ थोपटली. "काय बोललास रे! रडले लोक."

मेलेक्कावला उतरल्यावर तो आत न शिरता कडेकडेने गेटाबाहेर आला. नबीसाची छत्री वाऱ्याने फडफडत होती, त्यावरून त्याने तिला शोधलं.

"बोललास?" तिने विचारलं.

"बोललो."

"काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या. खूप वेळ."

"आणि जागेचं?"

आत भोंग्याने कुठलीशी गाडी सांगितली. ती संपेपर्यंत वेलायुधन थांबला. मग म्हणाला, "तेवढं राहिलं. गिऱ्हाईक लागलं होतं, नबीसात्ता."

आता तिची जीभ सुटेल, आता सुटेल, म्हणून तो मान खाली घालून वाट बघत राहिला. तिचा हात पुढे आला आणि त्याच्या फळीवरून फिरला. एकेक रिकामा चाप तिने बोटाने दाबून पाहिला.

"सगळी गेली?"

"सगळी."

"मग माझी तरी बरोबर न्यायची होतीस," नबीसा म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर वेलायुधनला बरं वाटलं असतं.